तराजूचा वग: नशेच्या कायद्याला हसत हसत प्रश्न विचारणारं लोकनाट्य कसं लिहावं, कसं बसवावं

दारू पिऊन रस्त्यात पडलेल्या माणसाला आपली वर्तमानपत्रं ‘तळीराम’ म्हणतात. ब्राउन शुगर ओढून पुलाखाली पडलेल्याला ‘गर्दुल्ला’. पहिला शब्द १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’तल्या पात्राचं नाव, आणि आजही तो उच्चारताना ओठांवर हसू येतं. दुसऱ्या शब्दात निव्वळ किळस आहे. दोघांच्याही घरची चूल सारखीच विझलेली असते, तरी एकाला लाडाचं नाव आणि दुसऱ्याला शिवी. नशेबद्दल समाज काय मानतो, कुणाला माफ करतो आणि कुणाला हाकलतो, हे या दोन शब्दांत दिसतं. विनोदाला लागणारा कच्चा माल तोच आहे.

पुढे जी पद्धत दिली आहे ती पाच कलाकार, एक ढोलकी आणि एक हलगी एवढ्या साहित्यात बसणाऱ्या पंचवीस-सव्वीस मिनिटांच्या लोकनाट्यासाठी आहे. चौकात, महाविद्यालयाच्या पटांगणात किंवा गणपतीच्या मांडवात ते करता येतं. एकपात्री किंवा स्टँडअप करणाऱ्यांनाही यातला मजकुराचा भाग जसाच्या तसा उपयोगी पडेल. बसवतानाचा नियम एकच: हसू तराजूवर यायला हवं, तराजूत घातलेल्या माणसावर नाही.

आधी एकच प्रश्न ठरवा

‘नशा वाईट की चांगली’ या प्रश्नावर वग उभा राहत नाही. उत्तर सगळ्यांना येताक्षणी ठाऊक असतं आणि प्रेक्षक मान डोलावून घरी जातात. प्रश्न अरुंद हवा. शिक्षा कशाच्या वजनावर ठरते? आजीची मिश्री ‘सवय’ आणि नातवाची चिलीम ‘गुन्हा’, ही रेघ कुणी आणि कुठे ओढली? उपचार मागायला आलेल्या माणसाला आपण आधी दवाखाना दाखवतो की पोलीस ठाणं? यांतला एकच घ्या. एका वगात दोन प्रश्न घातले की पंधराव्या मिनिटाला प्रेक्षकाचा धागा सुटतो, आणि तो सुटल्याचं कलाकारांना शेवटपर्यंत कळत नाही.

इथे नमुन्यासाठी वजनाचा प्रश्न घेतला आहे. त्यात आकडे आहेत, वस्तू आहे, आणि बाजारात उभं राहून तोलाई पाहिलेल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागत नाही.

कायद्याचा कागद

या विषयात अर्धा विनोद कायद्याच्या मजकुरातच असतो. तो अचूक वाचला की पुरतं. चुकीचा वाचला तर प्रेक्षकांतला एखादा वकील प्रयोगानंतर उभा राहतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून संहिता लिहिण्याआधी दोन अधिनियम छापून जवळ ठेवा.

पहिला केंद्राचा: गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. पूर्ण नाव हवालदाराच्या तोंडी घालायचं आणि ते त्याने एका दमात म्हणायचं. ढोलकीची थाप नावाच्या शेवटच्या अक्षरावर. २००१ च्या दुरुस्तीपासून या कायद्यात शिक्षा प्रमाणावर ठरते: अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण, आणि या दोन्हींच्या मधलं. पाठ करून ठेवायचे आकडे असे. गांजा: अल्प १ किलो, व्यापारी २० किलो. चरस: १०० ग्रॅम आणि १ किलो. हेरॉइन: ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. कोकेन: २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. एमडी, म्हणजे मेफेड्रोन: २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. हेरॉइन अल्प प्रमाणात असेल तर १ वर्षापर्यंत कैद, मधल्या प्रमाणाला १० वर्षांपर्यंत, व्यापारी प्रमाणाच्या वर गेलं की कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त २० वर्षं. ‘पर्यंत’ आणि ‘कमीत कमी’ या दोन शब्दांतलं अंतर नटाला नीट समजावून सांगा. आपला सगळा वग त्या अंतरात आहे.

दुसरा राज्याचा: १९४९ चा दारूबंदी अधिनियम. महाराष्ट्रात दारू पिणाऱ्यालाही परवाना लागतो हे पिणाऱ्यांतल्या बहुतेकांना माहीत नसतं. दुकानदार एका दिवसाचा परवाना फाडतो, देशीला २ रुपये, विदेशीला ५. वर्षाचा १०० आणि आजन्म १००० रुपयांचा. शुल्क बदलू शकतं, म्हणून प्रयोगाच्या आठवड्यात उत्पादन शुल्क खात्याच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. वयाची अट कडक दारूला २५, बिअर-वाइनला २१.

भांगेच्या बाबतीत हमखास चूक होते. एनडीपीएसच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुललेले शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. यावरून अनेक जण मंचावरून ‘भांग कायदेशीर आहे’ असं ठोकून देतात. उत्तर प्रदेशात, राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकानं आहेत हे खरं. पण महाराष्ट्रात राज्याचा दारूबंदी कायदा भांगेलाही मादक पदार्थांत धरतो. तेव्हा होळीच्या दिवसांतल्या प्रयोगात हे वाक्य चुकूनही जाऊ देऊ नका; ऐकणाऱ्या पोराला त्याची किंमत मोजावी लागेल.

गुटख्याचा कागदही जवळ असू द्या. महाराष्ट्रात बंदी जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली आली, एका वर्षासाठी. तेव्हापासून आदेश दर वर्षी नव्याने काढावा लागतो. बंदीचं वर्षश्राद्ध आणि टपरीवरची पुडी एकाच चौकात दाखवली की वेगळं भाष्य लागत नाही.

बांधणी आणि मिनिटं

तमाशाचा साचा या विषयाला मापाने शिवल्यासारखा बसतो: गण म्हणजे सुरुवातीचं वंदनाचं गाणं, बतावणी म्हणजे विनोदी सवाल-जबाब, आणि वग म्हणजे मुख्य कथानाट्य. गौळण गाळली तरी चालते, पाच जणांत ती धड होत नाही. गण २ मिनिटं, बतावणी ६, वग १५, शेवट ३. हशा आणि थांबे धरून मिनिटाला साधारण १०० शब्द बोलले जातात, म्हणजे संहिता २५०० शब्दांपलीकडे जाऊ देऊ नका. ३५०० शब्दांची संहिता ‘पटापट म्हणू’ या भरवशावर उभी केली की आधी थांबे जातात, आणि थांबे गेले की हशा जातो.

पात्रं: राजा, प्रधान, हवालदार, सोंगाड्या आणि तोलार. तोलार, म्हणजे माल तोलणारा, हे पात्र बाजार समितीतून घेतलेलं आहे. त्याला कायदा कळत नाही, वजन कळतं, आणि तो कधीच खोटं बोलत नाही. त्याच्या तोंडी एकही टोमणा घालायचा नाही. तो फक्त आकडे ओरडतो. या वगातला सर्वांत मोठा हशा त्याच्याच वाट्याला येतो, तो यामुळेच.

बतावणीत दारूचा परवाना घ्या. प्रेक्षकांना ओळखीची आणि त्यांच्या स्वतःच्या खिशातली नशा आधी आली की पुढचा अनोळखी विषय ऐकायला ते तयार होतात. नमुना:

हवालदार: हातात काय आहे?
सोंगाड्या: बाटली.
हवालदार: परवाना?
सोंगाड्या: कारखान्याला हाय, दुकानाला हाय, गाडीला हाय. बाटलीला सगळीकडनं परवाना हाय की!
हवालदार: बाटलीचा नाही, पिणाऱ्याचा!
सोंगाड्या: घशाला बी परवाना? कितीला पडतो?
हवालदार: एका दिवसाचे पाच रुपये. आजन्म हजार.
सोंगाड्या: मग आजन्मच फाडा. पर सायेब, आजन्म म्हंजी माझा जन्म, का माझ्या लिव्हरचा?

शेवटच्या ओळीवर सोंगाड्याने हसायचं नाही. तिच्यात नियमाचा विसंगतपणा आहे आणि दारूचं खरं नुकसानही आहे. अशी दुहेरी ओळ बतावणीत किमान एक हवी, नाहीतर प्रेक्षक ‘ही मंडळी पिणाऱ्यांच्या बाजूची’ असं ठरवून मोकळे होतात.

दारूबंदीसाठी झटलेल्या बायकांची टिंगल बतावणीत येऊ देऊ नका. गडचिरोलीत १९९३ साली आणि चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली ती बायकांच्या लढ्यामुळे. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली म्हणून त्यांचं दुःख खोटं ठरत नाही. ‘आडवी बाटली’ला, म्हणजे दारूबंदीला, मत देणारी बाई वगात आणायचीच असेल तर तिला सर्वांत हुशार पात्र करा.

तराजूचा प्रवेश

हा वगाचा कणा. आधार २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: प्रमाण ठरवताना नुसत्या अमली द्रव्याचं वजन धरायचं नाही, त्यात मिसळलेल्या निरुपद्रवी पदार्थासकट सगळ्या मिश्रणाचं धरायचं. याचा परिणाम दोन पुड्यांत दाखवता येतो. एका पुडीत ४ ग्रॅम हेरॉइन आणि २५० ग्रॅम भुकटी. दुसरीत २४० ग्रॅम शुद्ध हेरॉइन.

तोलार: पुडी पयली! माल चार, पीठ अडीचशे. एकूण दोनशे चौपन्न!
प्रधान: अडीचशेच्या वर. व्यापारी प्रमाण. कमीत कमी दहा वर्षं.
सोंगाड्या: महाराज, हमाली मिळाली चार ग्रॅमची, आन् शिक्षा पिठासकट?
राजा: पिठाचं वजन कुणी उचललं?
सोंगाड्या: म्याच.
राजा: मग?
तोलार: पुडी दुसरी! माल दोनशे चाळीस, पीठ शून्य. एकूण दोनशे चाळीस!
प्रधान: अडीचशेच्या आत. दहा वर्षांपर्यंत. कमीत कमीची अट नाही.
राजा: शेठजी, हे कसं काय?
शेठ: महाराज, आमच्या घराण्यात भेसळ चालत नाही.

शेठ, म्हणजे दुसऱ्या पुडीचा मालक, हवालदारानेच टोपी बदलून करायचा. प्रेक्षकांसमोर टोपी बदलणं हीच त्याची ओळख.

आकडे ऐकून समजत नाहीत, पाहून समजतात. म्हणून तोलाराच्या हातात पाटी द्या आणि ‘२५४’, ‘२४०’ हे आकडे वीतभर उंचीचे, खडूने, प्रेक्षकांसमोर लिहू द्या. लिहून झाल्यावर मनातल्या मनात तीन मोजायचे, मगच प्रधानाची ओळ. आकडा हशाच्या आधी पोचला पाहिजे. ओळ आधी आणि आकडा मागून असा क्रम झाला तर हशात आकडा बुडतो आणि पुढची पाच मिनिटं अधांतरी जातात.

यानंतरची ओळ लिहिणं सर्वांत अवघड, आणि तीच बहुतेक संहितांत नसते. प्रधानाला न्यायालयाचं कारण पूर्ण ताकदीने मांडू द्या: बाजारात शुद्ध माल कुणी विकत नाही, जे मिश्रण पोराच्या हातात पडतं, तेच त्याला मारतं, पीठ वजा करत बसलो तर प्रत्येक विक्रेता स्वतःला ‘अल्प’ ठरवून घेईल. हा युक्तिवाद पोकळ नाही. तो मांडताना प्रधानाला विनोदी आवाज, तोतरेपणा, डोळा मारणं काही देऊ नका. समोरचा मुद्दा भक्कम असेल तरच सोंगाड्याच्या प्रश्नाला वजन येतं. पुतळा उभा करून पाडला तर ते विनोदी नाट्य राहत नाही, प्रचार होतो, आणि प्रेक्षकांना तो वास लगेच येतो.

खरी घटना वापरायची असेल तर ती वाढवून सांगू नका. मथुरेत २०२२ साली जप्त केलेला पाचशे किलोंहून जास्त गांजा उंदरांनी खाल्ला, असं पोलिसांनी न्यायालयात सांगितल्याची बातमी देशभर गाजली. ती हवालदाराने बातमीच्या सुरात, एकही शब्द न बदलता वाचायची. सोंगाड्याने उंदराची नक्कल केली की तिची मजा संपली.

नशेबाज कसा रंगवायचा

झोकांड्या नकोत. एकही नको. मराठी प्रेक्षक डुलणाऱ्या पात्राला शंभर वर्षं हसत आला आहे, आणि नटाला ते हसू फुकट मिळतं. पण त्या हशानंतर प्रेक्षकाला फक्त डुलणं आठवतं, पाटीवरचा आकडा नाही. आपल्या वगात व्यसनात अडकलेलं पात्र सर्वांत शुद्धीवर बोलतं. बाकीचे सगळे, राजासकट, आपापल्या नशेत असतात: खुर्चीच्या, नियमाच्या, अब्रूच्या.

शब्द तपासून घ्या. निवेदनात ‘व्यसनाधीन’ किंवा नुसतं ‘माणूस’. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेणाऱ्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात, तो शब्द उसना घ्यायला हरकत नाही. ‘गर्दुल्ला’, ‘चरसी’, ‘बेवडा’ हे शब्द फक्त अशा पात्राच्या तोंडी घाला ज्याला त्यांबद्दल पुढच्या दोन मिनिटांत कुणीतरी जाब विचारणार आहे. भागाप्रमाणे बोली बदला: तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाला विदर्भात ‘खर्रा’, पश्चिम महाराष्ट्रात ‘मावा’. नागपुरात मावा म्हटलं की अर्धा हशा गेला.

कसं घेतात, कुठे मिळतं, केवढ्याला मिळतं, याचा एक शब्दही संहितेत नको. चौकात दहा-बारा वर्षांची पोरं पुढच्या रांगेत बसलेली असतात. एमडीने अनेक घरं उद्ध्वस्त केली आहेत. कायद्यावर प्रश्न विचारताना त्या पदार्थाला कुठेही चमक येता कामा नये.

तालीम

बारा तालमी पुरतात. पहिल्या चार बसून, नुसत्या वाचनाच्या. आठव्या तालमीला दहा-बारा अनोळखी माणसं बोलवा. मित्र नकोत, मित्र चुकीच्या जागी हसतात. मोबाइलवर आवाज मुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी संहितेच्या समासात खुणा करा: कुठे हसले, कुठे शांत झाले, कुठे कुजबुजले. कुजबुज म्हणजे आकडा कळला नाही. शांतता ही चूक समजू नका. प्रधानाच्या युक्तिवादानंतर आणि शिक्षा ऐकवल्यानंतर शांतता यायलाच हवी. तिथे हशा आला तर शिक्षेची ओळ घाईत गेली आहे.

गाडगे महाराजांच्या कीर्तनातली प्रश्न विचारून थांबण्याची रीत सोंगाड्याला शिकवा. प्रश्न विचारायचा आणि उत्तर समोरून येईपर्यंत खरोखर थांबायचं. ‘दहा वर्षं कशाची?’ असं विचारून सोंगाड्या गप्प राहिला तर चौथ्या-पाचव्या सेकंदाला मागून कुणीतरी ‘पिठाची!’ म्हणतं. ती ओळ नटाने म्हटली तर तिची निम्मी ताकद जाते. समोरून उत्तर आलंच नाही तर तोलाराने पाटी पुन्हा वर करायची, बोलायचं काही नाही.

परवानगी आणि सामान

नाट्यगृहात प्रयोग असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तारीख ठरवण्याआधी पाठवा. चौकात प्रयोग असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याची लेखी परवानगी आणि ध्वनिक्षेपकाची वेगळी परवानगी. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. अर्जासोबत संहितेची प्रत स्वतःहून जोडा. विषयाचं नाव ऐकून दचकलेला अधिकारी संहिता वाचल्यावर बहुधा सैल होतो. कुठल्याही ठाण्याचं, चालू खटल्यातल्या कुणाचं नाव संहितेत घेऊ नका.

पुडीत नुसती वाळू भरा आणि बाहेरून मोठ्या अक्षरात ‘वाळू’ लिहा. कसुरी मेथी, वाळलेला पाला, पिठूळ पांढरी भुकटी असलं काही नको. बघणाऱ्याने फोन केला तर प्रयोग थांबेल आणि कलाकारांना उगाच खुलासे करत बसावं लागेल. वाळूच्या पुडीला खरं वजनही असतं, तराजू छान झुकतो. तराजू दोन पारड्यांचा, जुन्या किराणा दुकानातला घ्या. इलेक्ट्रॉनिक काटा तिसऱ्या रांगेतून दिसत नाही. पेटलेली विडी-सिगारेट चालणार नाही, सार्वजनिक जागी धूम्रपानाला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. रिंगण १५ फूट व्यासाचं, वारा पाठीमागून येईल असं.

शेवट आणि नंतरचा अर्धा तास

वगाच्या शेवटी एनडीपीएसचं कलम ६४अ ठेवा. व्यसनाधीन माणूस अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात असेल आणि सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वतःहून उपचाराला गेला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येतं. हवालदाराने हे कलम सुरुवातीच्या त्याच एका दमात वाचायला घ्यावं, अडखळावं, आणि दुसऱ्यांदा सावकाश वाचावं. तिथे ढोलकी नाही.

‘म्हणजे सगळं खुलं करा म्हणता?’ हा प्रश्न येणारच. उत्तर आधी ठरवून ठेवा, आणि पाचही जणांचं एकच असू द्या: आम्ही तराजू तपासायला सांगतो, माल वाटायला नाही. १८९३-९४ च्या, इंग्रज सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हजाराहून जास्त साक्षी घेऊन गांजा-भांगेवर सरसकट बंदी नको असं सुचवलं होतं, तेवढा दाखला लागला तर द्या. तिथे वाद वाढवू नका, कारण गर्दी पांगताना रेंगाळणारी माणसं जास्त महत्त्वाची असतात. पाटी पुसून तिच्यावर ‘१४४४६’ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक लिहा आणि ती रिंगणात तशीच ठेवा. तोलार करणाऱ्या कलाकाराने सामान आवरायला जायचं नाही, पाटीजवळ थांबायचं. एखादी आई किंवा एखादा पोरगा सगळे गेल्यावर येतो, आणि ‘माझ्या ओळखीच्या एकाला’ असं म्हणून सुरुवात करतो. तेव्हा ओळखीचा कोण हे विचारायचं नाही. जवळच्या केंद्राचा पत्ता आणि ओपीडीचे वार आधीच लिहून आणलेली चिठ्ठी खिशातून काढून द्यायची.